नऊशे ग्रॅम

रेवदंड्याच्या बंदरावर आवडाबाईच्या वजनाबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. काटा बुधाजी व्यापाऱ्याचा, पण त्यावर हात आवडाबाईचा. होड्या लागल्या की मासळीने भरलेले प्लॅस्टिकचे क्रेट एकामागून एक काट्यावर चढत, ही आकडा मोठ्याने सांगे आणि विकणारी काय, घेणारा काय, मान डोलावून मोकळे होत. नवरा वारला त्या वर्षी तिने हे काम धरलं, त्याला आता बावीस वर्षं झाली. खोटं कशाला बोला, तिला त्याचा ताठाही होता. बाईने भांडावं कुणाशीही, पण आवडाबाईच्या आकड्याशी भांडू नये, असं बंदरावर म्हणत.

अशा बाईची एकुलती एक लेक राही बॉक्सिंग खेळते म्हटल्यावर लोकांनी काय कमी तोंडसुख घेतलं? सगळ्यांत पुढे नीराबाई. ती आवडाबाईच्या शेजारीच बसून कोळंबी निवडायची, आणि तिच्या जिभेला हाड म्हणून नव्हतं. पोरीचं नाक वाकडं झालं तर कोण पदरात घेईल, असं ती रोज नेमाने विचारायची. राहीचं नाक दोनदा फुटलंही. पण पोरगी कुणाच्या बोलण्याला भीक घालणारी नव्हती. मुसअब म्हणून चौलचा एक माणूस होता, पंधरा वर्षं बहारीनला नोकरी करून आलेला, तिथे बॉक्सिंग शिकलेला. त्याने सुक्या मासळीची एक जुनी वखार भाड्याने घेऊन तिथे पोती टांगली होती. त्या वखारीत राही अकरा वर्षं घाम गाळत होती. भिंतींचा सुक्या बोंबलाचा वास काही केल्या जात नसे, आणि बाहेरगावच्या मुली सरावाला आल्या की नाक धरून आत यायच्या. राहीला तो वास येतच नसे.

आता ती चौतिसाची झाली होती. देशाचा व्यावसायिक किताब, कमरेला बांधायचा तो पट्टा, त्याच्यासाठी लढायची संधी आयुष्यात पहिल्यांदा चालून आली होती, आणि तीच शेवटची होती. डाव्या डोळ्याचा पडदा एका जागी पातळ झाला होता. ही एवढी लढत खेळ, पुढे हातमोजे घालायचे नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. राहीने मान डोलावली होती. एकदा पट्टा कमरेला लागू दे, मग जन्मभर कोळंबी सोलीन, असं ती घरी म्हणाली, तेव्हा आवडाबाईने देव्हाऱ्यातल्या एकवीरेपुढे हात जोडले होते.

लढत किहीमच्या एका मोठ्या रिसॉर्टच्या हॉलमध्ये ठरली. पट्टा होता हरियाणाच्या पूनमकडे; तीन वर्षं तो तिच्याकडून कुणी काढून घेतला नव्हता. लढतीच्या आदल्या दिवशी दुपारी दोघींचं वजन व्हायचं होतं. पन्नास किलो आठशे ग्रॅम, ही हद्द. तिच्यावर एक ग्रॅम चालत नाही.

वजन उतरवणं म्हणजे काय असतं, ते ज्याच्या घरात होतं त्यालाच ठाऊक. शेवटचे चार दिवस राहीने मीठ सोडलं, मग भात सोडला, मग पाणीही घोटभरावर आणलं. ओठांना भेगा पडल्या. आवडाबाईने जन्मभर बोंबील वाळवले, पण पोटची पोर अशी वाळताना बघायची वेळ येईल असं तिला वाटलं नव्हतं. जेवायला बसली की घास घशाखाली उतरत नसे, म्हणून तीही अर्धपोटी उठायची.

नियमांच्या बैठकीसाठी मुसअबला वजनाच्या आदल्या संध्याकाळीच किहीमला जावं लागलं. त्याचा वजनाचा काटा त्याच्याच बॅगेत गेला. जायच्या आधी त्याने राहीला तोलली तेव्हा ती बावन्न किलोला टेकली होती. पहाटे किनाऱ्यावर घाम काढायचा प्लॅस्टिकचा सूट घालून धाव, मग वजन करून मला फोन कर, असं तो तिला म्हणाला. वजन कशावर करायचं, हा प्रश्न आला तेव्हा आवडाबाई पटकन म्हणाली, बंदरावर काटा हाय की. मुसअबने जरा घुटमळत विचारलं, मावशी, काटा नीट आहे ना? त्यावर ती असली फणकारली की त्याने पुढे विचारलंच नाही.

पहाटे तासभर धावून राही बंदरावर आली तेव्हा तिच्या सुटातून पाण्याच्या धारा निथळत होत्या. एक होडी नुकतीच रिकामी होऊन गेली होती, काटा चालूच होता, आणि त्याच्यावर रोजचा निळा क्रेट तसाच पडलेला होता. आवडाबाईने आडोशाला पदर धरला, राहीने सूट उतरवला, अंग पुसलं. आवडाबाईने क्रेट उचलून बाजूला ठेवला आणि पोरीला वर चढवलं. आकडा थरथरला आणि थांबला. पन्नास किलो चारशे.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग राही हसली, चार दिवसांत पहिल्यांदा. तिने तिथूनच फोन लावून मुसअबला आकडा सांगितला, आणि त्याने अलहम्दुलिल्लाह म्हणून धावणं बंद करायला सांगितलं. हद्दीखाली चारशे ग्रॅम! आवडाबाईचा जीव भांड्यात पडला. घरी गेल्यावर तिने पेज केली, पातळ, बिनमिठाची. चारशे ग्रॅम मोकळे आहेत, एक पेलाभर घे, असं ती म्हणाली. राही नको म्हणाली. आवडाबाईने पेला तिच्या ओठांनाच लावला, लहानपणी लावायची तसा, आणि मग पोरीने डोळे मिटून तो शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला.

किहीमच्या हॉलमध्ये दुपारी ही गर्दी. कॅमेरे, फलक, दिवे. मधोमध एक चकचकीत काटा. संघटनेचा अधिकारी, एक वयस्कर शिस्तीचा गृहस्थ, पुढे आला, आणि कुणालाही वर चढवायच्या आधी त्याने काट्याचा आकडा सगळ्यांना दिसेल असा वळवून धरला. रिकामा काटा शून्यावर आहे, दोन्ही बाजूंनी बघून घ्या, असं तो म्हणाला. मुसअबने बघितलं, पूनमच्या माणसाने बघितलं, आणि मागे उभ्या असलेल्या आवडाबाईनेही बघितलं.

रिकामा काटा आणि शून्य?

बंदरावरचा रिकामा काटा शून्य दाखवत नाही हो. सकाळी तो सुरू केला की आधी ओला क्रेट वर ठेवायचा आणि बटण दाबायचं, म्हणजे क्रेटचं वजन तो आपणच वजा करतो आणि पुढे दिवसभर निव्वळ मासळीचा आकडा दाखवतो. क्रेट खाली घेतला की उणे नऊशे. बावीस वर्षं रोज सकाळी हे बटण तिनेच दाबलं होतं. उणे नऊशे हा आकडा तिच्या नजरेला इतका सरावाचा होता की तिच्या लेखी तेच शून्य. क्रेटशिवाय त्या काट्यावर तिने आजवर काही चढवलंच नव्हतं. आणि चढवलं ते एकदाच, स्वतःच्या लेकीला.

ती ओरडणार होती. तोवर राही काट्यावर चढली होती. हसतच चढली. एक्कावन्न किलो चारशे. अधिकाऱ्याने आकडा दोनदा वाचला. राहीचं हसू तोंडावर तसंच राहिलं, जणू ते उतरवायचं तिला सुचलंच नाही.

दोन तासांची मुदत मिळाली. मुसअबने गरम पाण्याचे नळ सोडून न्हाणीघर वाफेने भरलं, तिला पुन्हा सूट चढवला, दोरीवर उड्या मारायला लावल्या. घाम येईना. अंगात पाणीच उरलं नव्हतं, तर येणार कुठून? मध्येच तो वैतागून म्हणाला, पहाटे चारशे खाली होतीस, मग खाल्लंस काय? आवडाबाई दाराशीच उभी होती. राहीने आईकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, पाणी प्यायले, सर. राहवलं नाही, बाटलीभर प्यायले. पेजेचं नाव तिने काढलं नाही. मुसअबने कपाळावर हात मारून घेतला. अकरा वर्षांत तो तिला कधी वेडंवाकडं बोलला नव्हता, त्या दिवशी बोलला.

तेव्हा तरी आवडाबाईने तोंड उघडायचं! पण नाही उघडलं. आता बोलले तर पोर मोडेल, उद्या तिला रिंगणात उभं राहायचं आहे, असं तिने स्वतःला समजावलं. ते खरंही होतं, पण सगळं खरं नव्हतं. तिला भीती वाटत होती.

दोन तासांनी आकडा आला एक्कावन्न किलो, पन्नास ग्रॅम. अडीचशे ग्रॅम जास्त. एका बांगड्याएवढे.

नियम अधिकाऱ्याने वाचून दाखवला. पूनमची तयारी असेल तर लढत होईल. पण राही जिंकली तरी पट्टा तिला मिळणार नाही, तो पूनमकडेच राहील. पूनम म्हणाली, मी लढेन, पोरगी एवढं करून आली आहे. बातमीवाल्यांनी राहीपुढे माईक धरला. ती म्हणाली, चूक माझी आहे, मला तहान आवरली नाही. संध्याकाळपर्यंत ते रेवदंड्याच्या घराघरांत मोबाइलवर वाजत होतं.

रात्री तिने जेवून घेतलं, पाणी प्यायली, झोपलीसुद्धा. आवडाबाई तिच्या उशाशी बसून होती. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, पण कर्म एकीचं आणि गेलं दुसरीचं, हा कुठला न्याय, हे तिला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लढत झाली. दोन-दोन मिनिटांच्या दहा फेऱ्या. आवडाबाई पहिल्या रांगेत बसली होती. आजवर लेकीची लढत बघताना ती निम्मा वेळ पदरात तोंड लपवायची. त्या दिवशी तिने डोळे मिटले नाहीत, तेवढी तरी शिक्षा आपण भोगावी असं तिला वाटलं. पहिल्या तीन फेऱ्या पूनमच्या झाल्या. ती उंच, तिचे हात लांब, राहीला ती जवळ येऊच देत नव्हती. चौथ्या फेरीत राही खाली वाकून तिच्या हातांखालून आत शिरली आणि बरगड्यांवर ठोसे लगावू लागली. सहाव्यात पूनमचा श्वास लागला. राहीच्या डाव्या डोळ्यावर दोन ठोसे बसले तेव्हा आवडाबाई खुर्चीतून उठली होती, मागच्यांनी तिला खाली बसवलं. आठव्या फेरीत तर सगळा हॉल उभा राहिला. राहीने पूनमला दोराला नेऊन टेकवली होती, आणि तिचा उजवा हात असा चालत होता की मुसअबही ओरडायचं विसरला. पोरीने असा खेळ अकरा वर्षांत कधी केला नव्हता. जो दिवस तिचा व्हायचा तो हाच होता, आणि ती तो सोडायला तयार नव्हती.

तिन्ही पंचांनी कौल राहीच्या बाजूने दिला. पंचाने तिचा हात वर केला, नाव पुकारलं गेलं, टाळ्या पडल्या. आणि मग एक मुलगा मखमलीच्या उशीवर पट्टा घेऊन आला तो राहीच्या समोरून पूनमकडे गेला. हरलेली पूनम, एक डोळा सुजून बंद झालेला, तो हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग ती चालत राहीपाशी आली आणि पट्टा पुढे धरला. एकदा बांध कमरेला, फोटो तरी काढ, असं ती हिंदीत म्हणाली. राहीने हात मागे घेतले. दीदी, तुझा आहे, असं म्हणून तिने पूनमला मिठी मारली, आणि पूनमच रडायला लागली.

कपडे बदलायच्या खोलीत मायलेकी दोघीच होत्या. राही बाकावर बसून हाताच्या पट्ट्या सोडत होती. आवडाबाई तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि तिने सांगून टाकलं. आडपडदा नाही, सारवासारव नाही. क्रेट, बटण, उणे नऊशे.

"त्या पहाटे तू एक्कावन्न तीनशे होतीस," ती म्हणाली. "अजून अर्धा किलो बाकी होता. तू तासभर अजून धावली असतीस तर झालं असतं. मी तुला थांबवलं, आणि वर पेज पाजली."

राहीचे हात थांबले. आवडाबाईला वाटत होतं, पोरीने ओरडावं, शिव्या द्याव्यात, हातातलं काही फेकून मारावं. मग राहीचा चेहरा हळूहळू वेडावाकडा झाला आणि ती ओक्साबोक्शी रडू लागली. कालपासून एक टिपूस काढलं नव्हतं, ते सगळं आता आलं. आवडाबाईने तिच्या गुडघ्यांना हात लावला, तर तिने पाय मागे घेतले.

"तासभर," ती म्हणाली. "आये, मी तासभर धावले असते गं."

"व्हय."

"मला दमपण लागला नव्हता."

एवढंच. क्षमा नाही मागितली एकीने, नाही केली दुसरीने. मागून काय मिळणार होतं? बऱ्याच वेळाने राहीने तोंड धुतलं, पट्ट्यांची गुंडाळी पिशवीत टाकली आणि दाराशी थांबून म्हणाली, "हे कुणाला सांगू नको. बंदरावर बाया तुझ्या आकड्यावर डोळे मिटून माल देतात. तो एक आधार हाय तुला. पाणी मीच प्यायले."

तिसऱ्या दिवशी आवडाबाई काट्यावर गेली. घरात बसून करणार काय? राहीही तिच्याबरोबर आली, आता वखारीत जायचं काही कारण उरलं नव्हतं. ती होडीवरून क्रेट उतरवायला गेली आणि इकडे नीराबाईने कोळंबी निवडता निवडता विषय काढला. वाईट मनाने नाही, तिची सवयच ती. अकरा वर्षं मेहनत केली आणि एका दिवसासाठी तोंड आवरलं नाही म्हणाली. आजकालच्या पोरींना भूक-तहान सोसत नाही. आमच्या वेळी होळीचा उपास सुद्धा आम्ही पाण्याशिवाय काढायचो. बाकीच्या बायांनी माना डोलावल्या. बुधाजीने चुकचुक केलं.

आवडाबाईने ऐकून घेतलं. राहीने सांगू नको म्हटलं होतं, म्हणून तिने ओठाशी आलेलं गिळायचा प्रयत्न केला, ते काही गिळलं जाईना.

"तिची चूक न्हाय," ती म्हणाली. "माझी हाय. मी वजन चुकले."

बायांचे हात थांबले. तिने सगळं सांगितलं. क्रेट खाली घेऊन काट्याचा आकडाही दाखवला. बघा, उणे नऊशे. बायांनी बघितलं. तो आकडा त्या रोजच बघत होत्या, त्यांना त्यात काही दिसलं नाही. बुधाजी समजुतीच्या सुरात हसला आणि म्हणाला, आवडे, बावीस वर्षांत तू माझा एक बोंबील इकडचा तिकडे होऊ दिला नाहीस, आणि पोटच्या पोरीच्या वजनाला चुकलीस होय? कुणाला सांगतेस!

"एकवीरा आईची आण," आवडाबाई म्हणाली. "मीच घालवला तिचा पट्टा."

आण ऐकून नीराबाई उठली. तिने ओले हात लुगड्याला पुसले, जवळ येऊन आवडाबाईच्या पाठीवर हात ठेवला, आणि तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

"अशी देवीची खोटी आण घेऊ नये गं बाये," ती म्हणाली. "आईचं काळीज असतं, कळतंय आमाला. मी पन लेकीसाठी असंच बोलले असते. पन तुझं वजन चुकत न्हाय, ते सगळ्या बंदराला ठावं हाय."

एवढ्यात राही क्रेट घेऊन आली. आईचा चेहरा बघून तिला काय झालं ते समजलं. तिने क्रेट काट्यावर ठेवला. डावा डोळा अजून काळानिळा होता.

"काय गं राही," नीराबाईने विचारलं, "आई म्हनते काट्याची चूक झाली. खरं काय ते तूच सांग."

आवडाबाईने तिच्याकडे बघितलं, नुसत्या डोळ्यांनी तिची विनवणी केली. एकदा सांग बाई, एवढं एकदा सांग.

"काटा बरोबर हाय," राही म्हणाली. "मला तहान लागली होती, मी पाणी प्यायले."

आणि ते सगळ्यांना पटलं.